हद्दीबाहेरचा चंद्र

साडूचा फोटो सासूबाईंच्या दिवाणखान्यात लागला आणि तिथून सगळं बिघडलं.

तसा फोटो वाईट नव्हता. अंतराळवीराचा पांढराशुभ्र फुगीर पोशाख, काखेत शिरस्त्राण, आणि तोंडावर साडूचं ते ठरलेलं हसू. दुकानात गिऱ्हाईक शिरताना असतं तेच. सासूबाईंनी हा फोटो चांगला चौकटीत बसवून थेट कैलासवासी सासऱ्यांच्या शेजारी टांगला. निरीक्षकांचाही एक फोटो त्या घरात होता, नाही असं नाही. तो लग्नातला होता, कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला होता, आणि त्यात त्यांचे डोळे मिटलेले होते.

निरीक्षक म्हणजे वजनमापे खात्यातले निरीक्षक. दुकानादुकानांतून फिरायचं, तराजू आणि काटे तपासायचे, बरोबर निघाले तर शिक्का मारायचा, खोटे निघाले तर तार बांधून वर शिशाचं सील दाबायचं आणि 'वापर बंद' असं लाल लेबल लावायचं, हे त्यांचं काम. माणूस सरळ, नाकासमोर चालणारा. ते दिसले की बाजारपेठेतले दुकानदार गल्ल्यावरून उठून उभे राहायचे. घरात मात्र त्यांच्यासाठी कुणी उठत नसे, उलट बसलेल्या जागेवरून त्यांना काहीतरी आणायला सांगत.

आणि साडू काय करायचा, तर गाद्या विकायचा. गादीवाल्याचा अंतराळाशी काय संबंध, असं कुणीही विचारील. निरीक्षकांनी विचारलंच होतं, दोनदा. संबंध एवढाच, की गाद्यांच्या कंपनीनं चांगला धंदा करणाऱ्या दुकानदारांना एका अंतराळ संग्रहालयाची सहल घडवली होती. तेव्हापासून साडू प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, "यान खाली आदळतं ना, तेव्हा अंतराळवीर ज्याच्यावर बसलेला असतो, तोच हा फोम." लोक गादीवर बसून बघायचे, वर छताकडे बघायचे, आणि गादी घेऊन जायचे.

इथपर्यंत निरीक्षकांनी सगळं सोसलं असतं. पण एका संध्याकाळी त्यांची लेक, जिला घरात सगळे छोटी म्हणत, जेवता जेवता म्हणाली, "आई, शाळेत पाहुणा-तास आहे. प्रत्येकानं घरातलं एक मोठं माणूस आणायचं आणि त्यानं वर्गाला काहीतरी सांगायचं. मी काकांना नेणार."

काका म्हणजे मावशीचे यजमान. म्हणजे साडू.

"बाबांना ने की," बायको म्हणाली. ती भाजी वाढत होती आणि तिच्या आवाजात फारसा जोर नव्हता, हे निरीक्षकांच्या लक्षात आलं.

"बाबांना फक्त किलो येतात," छोटी म्हणाली. "काकांना अंतराळ येतं."

निरीक्षकांनी घास गिळला. मग अगदी सहज बोलल्यासारखं म्हणाले, "मला येतं की अंतराळ. शनीला कडी असतात."

"गुरूलाही असतात," छोटी म्हणाली. "काकांनी सांगितलं."

निरीक्षकांनी दुसऱ्या दिवशी ऑफिसात तपासून पाहिलं. गुरूलाही होती. त्या दिवशी त्यांनी एका किराणावाल्याचा काटा जरा जास्तच कडक तपासला.

आता साध्या भाषेत सांगायचं तर निरीक्षक जळत होते. पोटातून जळत होते. माणूस शेजाऱ्याच्या गाडीवर जळतो, सहकाऱ्याच्या बढतीवर जळतो, ते एक वेळ चालतं, त्याला समाजात मान्यता आहे. पण स्वतःच्या पोरीनं गादीवाल्याकडे तोंड वर करून बघावं आणि आपल्याकडे फक्त वह्यांना कव्हरं घालून घ्यायला यावं, ही आग कुणाला दाखवायची सोय नसते. म्हणून त्यांनी ती दाखवली नाही. ते फक्त म्हणाले, "आपण सगळे एकदा ते संग्रहालय बघून येऊ. पाहुणा-तासाच्या आधी."

"अगंबाई," बायको म्हणाली. "तुम्ही आणि सहल?"

निरीक्षकांचा बेत असा होता, की गपचूप तिघांनी जायचं, सगळं नीट वाचून, समजून घ्यायचं, आणि परत येईपर्यंत पोरीला कळलं पाहिजे की अंतराळ हे काही गादीवाल्यांच्या मालकीचं नाही. मग ती आपणहून म्हणेल, बाबा, तुम्हीच चला. इतका साधा बेत. त्यांनी संग्रहालयात फोन लावला.

फोनवरचा माणूस थंडपणे म्हणाला, "साधं तिकीट घ्या आणि या. यान दोरीच्या अलीकडून बघता येईल."

"दोरीच्या अलीकडून?"

"यानात बसायचं असेल, पोशाख घालायचा असेल, तर मार्गदर्शकासोबतची फेरी लागते. ती फक्त संस्थांना मिळते."

इथेच निरीक्षकांनी साधं तिकीट घेतलं असतं तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण साडू यानात बसला होता. साडू दोरीच्या पलीकडे गेला होता. आता निरीक्षक पोरीला घेऊन दोरीच्या अलीकडे उभे राहणार, आणि पोरगी सांगणार, काका त्या तिथे बसले होते. हे होणं शक्य नव्हतं.

"आम्ही तिघं आहोत," ते म्हणाले.

"तिघांची संस्था नसते."

"कुटुंब ही समाजातली मूळ संस्था आहे," निरीक्षक म्हणाले. सरकारी नोकरी केलेला माणूस असा सहजासहजी हटत नाही.

"असेल," तो माणूस म्हणाला. "पण तिला लेटरहेड असतं का?"

लेटरहेड त्यांच्या माहितीत एकाच संस्थेला होतं, ती म्हणजे त्यांची स्वतःची गृहनिर्माण सोसायटी. आणि सोसायटीचे सचिव होते वरच्या मजल्यावरचे निवृत्त स्टेशनमास्तर. या गृहस्थांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण अजून पाण्याचा टँकर आला तरी ते गॅलरीत येऊन घड्याळ बघायचे आणि तो किती उशिरा आला हे सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचे.

"लेटरहेड देतो," स्टेशनमास्तर म्हणाले, "पण सोसायटीच्या नावानं एकच कुटुंब गेलं तर उद्या लोक मलाच विचारतील. फलकावर सूचना लावावी लागेल. ज्यांना यायचं त्यांनी यावं."

"कोण येणार आहे हो," निरीक्षक म्हणाले.

सगळे आले. म्हणजे नावं द्यायला सगळे आले. ज्यांना अंतराळात रस होता ते आले, ज्यांना अंतराळ म्हणजे नवीन मॉल वाटला तेही आले. तळमजल्यावरच्या दंतवैद्यबाई आल्या आणि त्यांनी तिथेच जिन्यात सल्ला दिला, की बसमध्ये मुलं उलट्या करतात, तेव्हा आदल्या रात्रीपासून कुणाला काही खायला देऊ नका. त्यांनी हेही सांगितलं, की अंतराळवीर निवडताना आधी दात बघतात. "तुमच्या वरच्या दाढेचं काय झालं मग?" त्यांनी विचारलं. निरीक्षक तोंड मिटून वर निघून गेले.

बस ठरवावी लागली. बसवाल्याकडे लहान बस नव्हती, मोठीच होती, आणि माणसं मोजली तर मागच्या रांगेत तीन जागा रिकाम्या राहत होत्या.

"ताईला विचारते," बायको म्हणाली. ताई म्हणजे साडूची बायको.

"कशाला? त्यांनी पाहिलंय संग्रहालय."

"भावोजींनी पाहिलंय. ताईनं कुठे पाहिलंय? मोठीनं कुठे पाहिलंय?" मोठी म्हणजे साडूची मुलगी. छोटीपेक्षा दोनतीन महिन्यांनी मोठी, म्हणून मोठी. दोघी एकाच शाळेत, एकाच इयत्तेत होत्या, फक्त तुकड्या वेगळ्या.

"मग ताई आणि मोठी येऊ देत," निरीक्षक म्हणाले. "एक जागा बॅगांना लागेल."

बायकोनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. लग्न झालेल्या माणसांना हे पाहणं माहीत असतं. निरीक्षकांनी यादीत तीन नावं वाढवली.

तर असं झालं. साडूला बाजूला ठेवण्यासाठी काढलेली सहल, आणि सहलीच्या दिवशी सकाळी बसच्या दारात पहिला उभा कोण, तर साडू. गळ्यात कॅमेरा, डोक्यावर संग्रहालयाच्या दुकानातून मागच्या खेपेला घेतलेली टोपी.

"वा साडूभाऊ," तो निरीक्षकांच्या पाठीवर थाप मारत म्हणाला, "काय झकास कल्पना काढलीत. मी म्हणतच होतो, तुमच्यासारख्या माणसानं जरा बाहेर पडलं पाहिजे."

छोटी पळत आली आणि बापाच्या शेजारची जागा ओलांडून पुढे साडूजवळ जाऊन बसली. तिनं ते काही मुद्दाम केलं नाही, आणि निरीक्षकांना तेच जास्त लागलं.

स्टेशनमास्तरांनी शिट्टी वाजवली. ते खरोखरच शिट्टी घेऊन आले होते. बस निघाली आणि चौकात पोचायच्या आत थांबली, कारण दंतवैद्यबाई राहिल्या होत्या. मग त्यांना घेऊन निघाली, तर कुणाचा तरी डबा राहिला होता. स्टेशनमास्तरांनी दर वेळी किती मिनिटं गेली ते मोठ्यानं जाहीर केलं आणि प्रत्येक वेळी आयोजक म्हणून निरीक्षकांकडे बोट दाखवलं. दंतवैद्यबाईंनी ज्या मुलांना रात्रीपासून काही खाऊ दिलं नव्हतं, त्या मुलांनी रिकाम्या पोटी उलट्या केल्या. त्यातली एक निरीक्षकांच्या बुटावर पडली.

तेवढ्यात ड्रायव्हरजवळचा माइक साडूला सापडला.

काही माणसांच्या हातात माइक देणं आणि माकडाच्या हातात कोलीत देणं सारखंच, असं निरीक्षकांचं मत होतं, पण बसमधल्या इतर कुणाचं नव्हतं. साडू गुरुत्वाकर्षणावर बोलला. साडू धूमकेतूवर बोलला. यानात झोपताना अंतराळवीर स्वतःला भिंतीला बांधून घेतात, हे त्यानं इतक्या बहारीनं सांगितलं, की मागच्या रांगेतल्या आजी म्हणाल्या, "बाई बाई, हे इतके शिकलेले आणि गाद्या विकतात?" निरीक्षकांनी आठवडाभर दुपारच्या सुटीत वाचून अंतराळाची जेवढी माहिती जमा केली होती, ती सगळी साडूनं बस नदीवरचा पूल ओलांडून थोडी पुढे जाईपर्यंत संपवून टाकली. एक गोष्ट राहिली होती. चंद्रावर वजन सहापट कमी भरतं. हा विषय वजनाचा, म्हणजे आपला, हे निरीक्षकांनी मनाशी पक्कं धरून ठेवलं होतं. ही एकच गोष्ट त्यांनी पोरीसाठी राखून ठेवली होती.

संग्रहालय मोठं होतं. आत शिरताच थंडगार हवा, वर छताला टांगलेले उपग्रह, आणि मधोमध ते यान, पितळी रंगाचं, एका बाजूनं जळून काळं पडलेलं. मार्गदर्शक मुलगी हसतमुख होती आणि तिनं पाठ केलेलं सगळं नीट सांगत होती. पण ती एक वाक्य बोलली की साडू दोन बोलायचा. थोड्या वेळानं लोक तिच्याकडे पाठ करून साडूभोवती गोळा झाले, आणि थोड्या वेळानं तीही तिथेच येऊन उभी राहिली.

छोटी यानात बसली. निरीक्षकांनी फोटो काढायला फोन वर केला. साडू शेजारी वाकून तिला पट्टा बांधत होता, त्यामुळे फोटोत छोटीचा एक कान आणि साडूची पाठ आली. निरीक्षकांनी तो फोटो तिथेच पुसून टाकला.

"बाबा, तुम्ही पण बसा ना," छोटी म्हणाली. हे वाक्य ऐकून निरीक्षकांना इतकं बरं वाटलं, की ते बूट न काढता आत शिरले. यान लहान बांध्याच्या माणसासाठी केलेलं होतं. आत जाताना जे जमलं ते बाहेर येताना जमेना. साडूनं एक हात धरला, स्टेशनमास्तरांनी दुसरा धरला आणि शिट्टी वाजवली. या प्रसंगाचा फोटो मात्र अगदी स्वच्छ आला आणि संध्याकाळपर्यंत सासूबाईंकडे पोचला.

पँट झटकत निरीक्षक बाहेर आले, तर समोर काटा होता.

माणूस उभा राहील एवढा मोठा, चांगला गुळगुळीत. वर पाटी, 'चंद्रावर तुमचं वजन किती?' आणि पुढे मुलांची रांग. निरीक्षकांच्या अंगात एकदम बळ आलं. हे आपलं. इथे गादीवाल्याचं काम नाही. ते छोटीचा हात धरून पुढे निघाले आणि म्हणाले, "चल, तुला एक गंमत सांगतो. चंद्रावर ना—"

"सहापट कमी," साडूचा आवाज आला. तो काट्यावर चढलेला होता. "बघा बघा, मी चंद्रावर फक्त बारा किलो. छोटे, उचलतेस का मला?"

सगळे हसले. छोटी बापाचा हात सोडून टाळ्या वाजवायला लागली, कारण एका हातानं टाळी वाजत नाही.

निरीक्षक साडूकडे बघत राहिले. मग आकड्याकडे. मग पुन्हा साडूकडे, वरपासून खालपर्यंत. बारा सक बहात्तर. हा माणूस बहात्तरचा? लग्नाच्या वेळीही नव्हता. वर्षानुवर्षं पोती, पिंपं आणि दुकानदारांची पोटं नजरेनं तोलणाऱ्या माणसाला हे कळायला काटा लागत नाही. साडू नव्वदच्या खाली नव्हता. म्हणजे काटा खोटा होता. ते खाली वाकले, काट्याच्या मागे गेले, बाजूला चाचपलं. खात्याचा शिक्का कुठेच नव्हता.

माणसानं अशा वेळी काय करावं? हसून सोडून द्यावं. कुणीही शहाणा माणूस हेच म्हणेल. पण निरीक्षकांच्या पोटात सकाळपासून जे धुमसत होतं त्याला आता कायद्याचा आधार मिळाला होता. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत सुटीच्या दिवशीही तार, शिशाचे मणी आणि सीलची पक्कड असायची. बायको त्यावरून नेहमी बोलायची. त्यांनी पक्कड काढली, साडूला म्हणाले, "खाली उतरा," आणि कुणाला काही कळायच्या आत काट्याला तार बांधून सील दाबलं आणि लाल लेबल लटकवलं. वापर बंद.

रांगेतली मुलं आधी गप्प झाली. मग पुढचं एक रडायला लागलं, आणि त्याचं बघून बाकीची.

संग्रहालयाच्या व्यवस्थापक बाई आल्या. शांत बाई होत्या. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"हा काटा वजन कमी दाखवतो," निरीक्षक म्हणाले.

"चंद्राचा काटा आहे तो. कमीच दाखवणार."

"चंद्राला धरूनही कमी दाखवतो. पंधरा दाखवायला हवं तिथे बारा दाखवतो."

"हो, थोडं कमी ठेवलंय," बाई म्हणाल्या. "लोक खूश होऊन जातात."

"लोक तिकीट काढून आत येतात. म्हणजे हा व्यवहार झाला. शिक्का नसलेला काटा व्यवहारात वापरता येत नाही. मी निरीक्षक आहे," असं म्हणून त्यांनी ओळखपत्र दाखवलं.

बाईंनी ते हातात घेऊन नीट वाचलं. "तुमची हद्द कुठपर्यंत?" त्यांनी विचारलं.

निरीक्षकांनी ओळखपत्र परत घेतलं. त्यांची हद्द नदीवरच्या पुलापर्यंत होती. पुलावरून बस गेली तेव्हा साडू धूमकेतूवर बोलत होता, त्यामुळे आपण हद्दीबाहेर आलो हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. असली चूक त्यांच्या हातून उभ्या नोकरीत झाली नव्हती. दुसऱ्याच्या हद्दीतला काटा सील करणं म्हणजे खात्यात केवढा गुन्हा, हे इतरांना कळायचं नाही, पण त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आणि चंद्र येतो का हो त्यात?" गर्दीतून कुणीतरी विचारलं. निरीक्षकांनी या प्रश्नावर खरोखर विचार केला, आणि तो करताना ते सगळ्यांना दिसले.

मग साडू पुढे झाला. त्यानं निरीक्षकांच्या खांद्यावर हात टाकला आणि बाईंना म्हणाला, "आमचे साडूभाऊ जरा काटेकोर आहेत हो. मनानं फार चांगले. द्या सोडून." बाई हसल्या, मार्गदर्शक मुलगी हसली, आणि निरीक्षकांनी आपल्याच हातानं, आपल्याच पकडीनं सील तोडलं. त्यांनी वर पाहिलं. छोटी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती स्वतःच्या चपलेकडे बघत होती. आजवर कोणत्याही दुकानदारानं घातलेल्या शिव्या त्यांना इतक्या झोंबल्या नव्हत्या.

परतीच्या बसमध्ये छोटी पुढे साडूजवळच बसली. निरीक्षक मागच्या रांगेत एकटे जाऊन बसले. थोड्या वेळानं मोठी शेजारी येऊन बसली.

"काका, ते शिसं दाबलं की तार सुटतच नाही?" तिनं विचारलं.

"नाही," निरीक्षक पुढे बघत म्हणाले. पुढे साडूनं काहीतरी सांगितलं होतं आणि छोटी हसत होती.

"आणि खोटं माप करणारा कसा पकडता?"

निरीक्षकांनी सांगितलं. तराजूच्या पारड्याखाली मेण कसं लावतात, वजन खालून कसं पोखरतात, मापाच्या डब्याला दुहेरी बूड कसं करतात, सगळं सांगितलं, पण नजर पुढच्या सीटवरून काढली नाही. घर येईपर्यंत मोठी विचारत राहिली आणि ते सांगत राहिले, आणि आपण काय बोललो यातलं त्यांना उतरताना एक अक्षरही आठवत नव्हतं.

पाहुणा-तासाच्या आदल्या दिवशी साडूचा फोन आला. आवाजात नेहमीचा रंग नव्हता.

"उद्या छोटीच्या वर्गात मी जायचंय ना," तो म्हणाला.

"हो, माहीत आहे," निरीक्षक शक्य तितक्या कोरडेपणानं म्हणाले.

"आणि मोठीच्या वर्गात तुम्ही."

"मी? तिला तुम्ही आहात की."

"मी म्हटलं तिला, अर्धा तास छोटीला देतो, अर्धा तास तुला देतो. तर म्हणाली, 'बाबा, तुमची गादी मी रोजच बघते. मला निरीक्षक काका पाहिजेत.' " साडूनं घसा खाकरला. "परवापासून घरातल्या सगळ्या डब्यांची बुडं ठोकून बघतेय. तुम्ही काय सांगितलंत तिला?"

निरीक्षकांना खरं तर तिथेच नाचावंसं वाटायला हवं होतं. पण त्यांच्या डोक्यात एवढंच आलं, की मोठीनं मागितलं. छोटीनं नाही.

शाळेच्या व्हरांड्यात दोघं साडू मुलांच्या बुटक्या बाकावर शेजारी शेजारी बसले, गुडघे छातीला लावून. एकाच्या मांडीवर फोमचा तुकडा, दुसऱ्याच्या मांडीवर सुती पिशवीत गुंडाळलेला काटा. "शुभेच्छा," साडू म्हणाला. "तुम्हालाही," निरीक्षक म्हणाले. दोघांचाही आवाज दाढदुखीच्या माणसासारखा होता. मग घंटा झाली आणि दोघं एकमेकांच्या पोरीच्या वर्गात शिरले.

निरीक्षकांनी सुरुवात वाईट केली. त्यांनी कायद्याचं कलम सांगितलं. एका मुलानं जांभई दिली. भिंतीपलीकडून, छोटीच्या वर्गातून, हशा ऐकू आला. निरीक्षक वाक्याच्या मध्येच थांबले आणि कान देऊन ऐकायला लागले. मोठीनं पहिल्या बाकावरून हळूच सांगितलं, "काका, काटा काढा."

त्यांनी काटा काढला. पण तोलायचं काय? टेबलावर खडू होता, डस्टर होतं. त्यांची नजर बाकांवर गेली. "दप्तरं आणा," ते म्हणाले.

मग मात्र वर्गाचा नूर पालटला. एकेक मूल दप्तर घेऊन यायचं, निरीक्षक ते काट्याला अडकवायचे, चष्मा वर करून आकडा बघायचे आणि दुकानदारासमोर बोलायचे त्याच आवाजात जाहीर करायचे. जास्त भरलं की विचारायचे, "आत काय लपवलंय?" आणि सगळ्यांसमोर झडती घ्यायचे. एकाच्या दप्तरात तीन दगड निघाले, एकीच्या दप्तरात आईची इस्त्री निघाली, का ते तिलाही सांगता येईना. मोठी शेजारी उभी राहून आकडे फळ्यावर लिहीत होती. सगळ्यांत जड दप्तर तिचंच भरलं आणि निरीक्षकांनी तिला काट्याशेजारी उभं करून तिचा हात वर केला. मुलं बाकांवर चढून ओरडत होती. वर्गाच्या बाई दारात उभ्या राहून हसत होत्या. शेवटी भिंतीपलीकडचा वर्ग कसला गोंधळ आहे म्हणून चिडीचूप झाला, हे निरीक्षकांच्या लक्षातही आलं नाही.

संध्याकाळी ते घरी आले तेव्हा चहा झाकून ठेवलेला होता आणि बायको खुणेनं आतल्या खोलीकडे बोट दाखवत होती.

"रागावलीय तुमच्यावर. आल्यापासून बोलत नाहीये."

निरीक्षक आत गेले. छोटी पलंगाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती.

"काका कसे बोलले?" त्यांनी विचारलं.

"बरे बोलले."

"मुलं हसत होती की."

"पहिल्यांदा हसली. मग सगळे तुमच्याच वर्गातलं ऐकत बसले."

निरीक्षक पलंगाच्या कडेवर टेकले. "मग रागावलीस कशाला?"

छोटी वळली. नाक लाल झालेलं होतं. "मोठीनं मागितलं म्हणून मी तुम्हाला दिलं होतं," ती म्हणाली. "तिनं विचारलं, तुझे बाबा एक दिवस देतेस का, मी म्हटलं घे. पण फक्त बोलायला दिलं होतं. दप्तरं तोलायला नव्हतं दिलं."

निरीक्षकांनी रुमाल पुढे केला, तो तिनं घेतला नाही.

"तिचा हात वर केलात. तिला पहिला नंबर दिलात. ती सगळ्यांना सांगत फिरतेय, माझे काका, माझे काका." छोटीचा आवाज फुटला. "माझं दप्तर तिच्यापेक्षा जड आहे. तुम्ही कधी तोललंत?"

"तोलू की. आता तोलू. काटा पिशवीतच आहे."

"आता नको मला," छोटी म्हणाली आणि पुन्हा भिंतीकडे वळली. "आणि तिच्याशी बोलू नका. निदान या आठवड्यात नका बोलू."

बाहेरून बायको म्हणाली, "अहो, समजूत काढा की तिची. रडतेय पोर."

समजूत काढायला हवी होती, हे निरीक्षकांनाही कळत होतं. बापाचं ते कामच आहे. पण आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यावरून कुणीतरी जळत होतं, चांगलं नाक लाल होईपर्यंत जळत होतं, आणि ही आग काय असते हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? ते पलंगावर सरकून तिच्या पाठीमागे बसले, तोंड होईल तेवढं गंभीर ठेवलं, आणि तिला आणखी थोडा वेळ जळू दिलं.